हुरड्याच्या दिवसांतल्या तीन नोकऱ्या

यंदाही ज्वारी चिकात आली. आमच्या प्रयोगाच्या प्लॉटमधल्या एका कणसाचा दाणा मी नखानं दाबला, पांढरं दूध बोटावर आलं, आणि नोंद घ्यायची सोडून मी ते बोट चाटलं. सोबतच्या पोरापोरींनी एकमेकांकडे पाहिलं. मॅडमना झालंय काय, असं ते बघणं होतं. काही झालेलं नव्हतं. संक्रांतीच्या आगेमागे पहाटेचं गार वारं कानाला झोंबायला लागलं आणि ज्वारीचा दाणा हिरवा, मऊ, गोड झाला, की मला आपोआप हसू फुटतं. उभी असते जालन्याच्या शेतात, पण मन श्रीगोंद्याच्या बाजूला, काष्टीच्या अलीकडे असलेल्या आमच्या वस्तीवर जाऊन आगटीजवळ मांडी घालून बसतं.

त्या वर्षीचा तो हुरडा माझ्या डोक्यातून अजून जात नाही. त्या हंगामात मला एकदम तीन नोकऱ्या लागल्या होत्या. शेतकीची पदवी घेतल्यापासून मी परीक्षा देत होते, मुलाखतींना जात होते, निकालाच्या दिवशी मोबाईल पालथा घालून ठेवत होते. पाहुण्यांत कुणी ‘सध्या काय करते?’ विचारलं, की आई ‘चाललंय तिचं’ म्हणून चहा टाकायला उठायची. आणि मग पौषात, कांद्याची खुरपणी चालू असताना, एकामागून एक तिन्ही निरोप आले. पहिला कृषी सेवकाच्या निवडीचा, तोही आमच्याच जिल्ह्यात. दुसरा बँकेतल्या शेतकी अधिकाऱ्याचा, पहिली नेमणूक ओडिशात. तिसरा जालन्याच्या एका बियाणे कंपनीचा, रब्बी ज्वारीच्या संशोधनात. मी खुरपं हातात धरून वाफ्यातच नाचले. मोठ्या बाईमाणसासारखं वागायचं भानच राहिलं नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

आनंद होता तो निवड झाल्याचा, पण तिघांनाही एकाच वेळी उत्तर हवं होतं. कंपनीवाल्यांना घाई सगळ्यांत जास्त. त्यांचे साहेब फोनवर फार गोड बोलायचे आणि दर वाक्याच्या शेवटी ‘मग कळवताय ना?’ म्हणायचे. काष्टीच्या बाजाराच्या दिवशी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही, नाहीतर ती जागा दुसऱ्याला. बँकेला त्यानंतर दोनच दिवसांत कागद पोचायला हवे होते. सरकारी नोकरीची मुदत त्यामानानं ऐसपैस होती, म्हणून घरचे म्हणत, ती काय, खिशातच आहे. तीन तारखा तीन बाजूंनी ओढत होत्या, आणि मी मात्र गाईला चारासुद्धा ऐटीत टाकत होते. इतकी वर्षं मी दारोदार विचारत फिरले. आता तीन दारं मला विचारत होती, तर चार दिवस भाव खायला काय हरकत होती?

पण गावाला धीर नव्हता. आमच्याकडे नोकरी लागली की सत्कार होतो, आणि सत्काराला माणूस हजर व्हायची वाट कुणी बघत नाही. माझे धाकटे चुलते, नाना, हे बँकेच्या बाजूचे. त्यांनी मला न विचारता चौकात फ्लेक्स लावला. ‘बँकेत अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ वर माझा दहावीतला फोटो, कारण तेवढाच त्यांच्या मोबाईलमध्ये होता, आणि खाली शुभेच्छुकांची गर्दी. त्यात नाना मधोमध, काळा चष्मा घालून. हे कळल्यावर वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या मंडळींनी दूध डेअरीच्या ओट्यावर कृषी सेवक म्हणून माझा दुसरा सत्कार उरकून घेतला. आमच्या गावाची लेक आता शेतकऱ्यांच्या बांधावर येणार, असं भाषण झालं. दोन शाली, दोन नारळ, दोन फेटे, आणि मी अजून एकाही ठिकाणी ‘हो’ म्हटलेलं नव्हतं. गावाचा समज असा की ज्याची शाल अंगावर पडली त्याची नोकरी पक्की. कंपनीचा सत्कार तेवढा कुणी केला नाही. प्रायव्हेटचा कोण करतो?

नानांची बाजू भक्कम होती. “अगं, बँक हाय ती! साहेब म्हंतील लोक. गाडी दारात यील.”

“आणि ओडिशा?” मी विचारायची.

“त्याला काय हुतंय? मोबाईलवर बघितलं मी. बोट ठिवलं की इथं, आन् सरकवलं की तिथं.”

आईला त्या बोटाएवढ्या अंतरावर भरवसा नव्हता. “तिथं भाकरी मिळती का, त्ये बघा आदी,” म्हणायची. आण्णा या वादात पडायचे नाहीत. ते फक्त संध्याकाळी गोठ्यात मी धार काढत असताना शेजारी उभे राहायचे आणि म्हणायचे, “नगर जिल्ह्यातच हाय म्हनं ती सेवकाची. म्हंजे रविवारी घरी.” एवढंच. पण ते दररोज म्हणायचे.

मला स्वतःला काय हवं होतं, ते मला मुलाखतीच्या दिवशीच कळलं होतं. जालन्याला मला टेबलासमोर न बसवता थेट शेतात नेलं होतं. दव अजून पानांवर होतं. समोर शेकडो ओळी, प्रत्येक ओळीची ज्वारी वेगळी. कुणी उंच, कुणी ठेंगणी, कुणाचं कणीस गच्च, कुणाचं मोकळं. तिथल्या बाई म्हणाल्या, यातली कुठली झाडं तू पुढच्या वर्षीसाठी ठेवशील ते दाखव. मी ओळीत शिरले आणि मुलाखत चालू आहे हेच विसरले. एका झाडापाशी थांबायचे, खोड हलवून बघायचे, पानाखाली माव्याची कीड पाहायचे, पुढे जायचे. बाहेर आले तेव्हा ऊन चढलं होतं, सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली होती, आणि त्या बाई बांधावर बसून माझ्याकडे बघून हसत होत्या. घरी आल्यावर मी हे कुणालाच धड सांगितलं नाही. प्रायव्हेट नोकरीतल्या दवाचं काय कौतुक सांगायचं?

त्याच गडबडीत एके दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला.

“शुभांगी मॅडम का? मी अश्विनी. पाथर्डीकडची. रागावनार न्हाई ना?”

“कोण अश्विनी?”

“कृषी सेवकाच्या यादीत... म्हंजे प्रतीक्षा यादीत पहिली हाय मी. ग्रुपवरून तुमचा नंबर काढला. तुमी हजर होनार हाय का, तेवढंच इचारायचं हुतं.”

परीक्षा देणाऱ्या पोरांच्या जगात असे फोन नवीन नाहीत. निवड झालेला कुणी हजर झाला नाही, तर त्याची जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला मिळते, म्हणून खालचे लोक वरच्यांना अदबीनं विचारत राहतात. पण त्या यादीलाही मुदत असते, आणि ही यादी महिनाअखेरीस संपत होती. त्यानंतर मी नोकरी सोडली असती तरी जागा नव्या जाहिरातीत गेली असती आणि अश्विनीला पुन्हा पहिल्यापासून परीक्षा. वयाच्या अटीत तिची ही शेवटचीच खेप होती. आमच्या घरात जिला सगळे ‘खिशातली’ म्हणत होते, तिची एक बाजू अशी होती.

“होय असंल तर होय सांगा, मॅडम,” ती म्हणाली. “माझ्या मनाला वाईट वाटंल, पन कळंल तरी. आमच्या हितं एक खत-बियान्याचं दुकान हाय. मालक म्हनला, काउंटरवर बसायचं तर सोमवारच्या आत सांग, न्हाईतर दुसरी पोरगी बघतो.”

मला हसू आलं, कारण तिच्यापुढेही तारीख उभी होती. ओडिशातली बँक माझ्यासाठी थांबलेली, माझ्यासाठी अश्विनी थांबलेली, अश्विनीसाठी दुकानदार, आणि त्या दुकानदाराच्या उंबऱ्यावर आणखी कुणीतरी मुलगी असणारच. मी गोठ्यात उभी राहून ‘बघू, बघू’ म्हणत होते आणि तिकडे पाथर्डीत कुणाचातरी जीव टांगणीला लागला होता. आपला एक ‘हो’ किंवा ‘नाही’ किती घरांपर्यंत जातो, याचा मी तोवर विचारच केलेला नव्हता.

तिलाही मी ‘बघू’च म्हटलं आणि फोन ठेवताना सवयीनं म्हणून गेले, “ये की मग हुरड्याला.” हुरड्याच्या दिवसांत आमच्याकडे कुणाशीही बोलणं संपवायची ही रीतच आहे. विजेचं बिल वाटणाऱ्याला, मोटार दुरुस्त करणाऱ्याला, चुकून लागलेल्या फोनलासुद्धा ‘या हुरड्याला’ म्हणतात. येतो म्हणणारे येत नाहीत, आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. अश्विनी आली.

तो दिवस काष्टीच्या बाजाराचाच होता, म्हणजे कंपनीच्या मुदतीचा. आण्णांनी सकाळीच रानात आगटी खणून गोवऱ्या रचल्या होत्या. आईनं लसणाची चटणी, जवसाची चटणी, गुळाचा खडा आणि घट्ट दह्याचं भांडं फडक्यात बांधून आणलं. बांधावरची बोरं पोरांनी आधीच संपवली होती. विस्तवात खुपसलेली कणसं फुटायला लागली, त्या वासावर आजूबाजूच्या मळ्यांतली माणसं एकेक करून जमली, आणि हातावर हुरडा पडताच प्रत्येकानं माझ्या नोकरीवर मत द्यायला सुरुवात केली. चटणी तोंडात असताना माणूस जास्तच ठामपणे बोलतो. बँकवाले आगटीच्या या बाजूला, सेवकवाले त्या बाजूला, आणि मी मध्ये बसून खात होते.

तेवढ्यात उसाच्या फडाकडून एक सडपातळ मुलगी येताना दिसली. डोक्यावर वाढ्याची पेंढी. उसाचे हिरवे शेंडे, गाईचं आवडतं खाणं. “रिकाम्या हातानं कसं यावं म्हनून आनलं,” म्हणत तिनं पेंढी उतरवली आणि कपाळावरचा घाम पुसला. अश्विनीचे आईवडील ऊसतोडीच्या टोळीत होते, आणि त्या वर्षी टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, आमच्या शेजारच्याच मळ्यात उभ्या राहिल्या होत्या. ती त्यांना भेटायला आली होती. आईनं तिला ओळखपाळख न विचारता बसवलं आणि मूठभर हुरडा तिच्या ओंजळीत टाकला. ही कोण, हे मी कुणाला सांगितलं नाही. सेवकवाल्यांनी तिचंही मत विचारलं असतं.

कंपनीच्या साहेबांचा फोन आला. “मॅडम, अंधार पडायच्या आत कळवताय ना?” मी ‘कळवते’ म्हटलं आणि उठून बांधावर गेले. अश्विनी मागोमाग आली. फडातून कोयत्यांचा आवाज येत होता.

मग ती म्हणाली, “मॅडम, तुमाला कुठली आवडती?”

मी तिच्याकडे बघतच राहिले. कुठली चांगली, कुठली मोठी, कुठली जवळ, हे सगळ्या गावानं मला सांगून झालं होतं. आवडते कुठली, हे विचारणारी ही पहिलीच. आणि मी बोलायला लागले ते थांबेचना. त्या ओळी, ते दव, खोड हलवून बघणं, मालदांडीसारखी भाकरी देणारी पण कमी पाण्यात तगणारी ज्वारी काढायची तर किती वर्षं लागतील, हे सगळं मी हातवारे करून तिला सांगत होते. तीही शेतकी डिप्लोमावाली; मध्ये मध्ये नेमकं तेच विचारत होती जे मला सांगायचं होतं.

“मग ठरलंच की,” ती शेवटी म्हणाली आणि खुदकन हसली. “मी इचारलं ते माझ्यासाठीबी हाय हां, खोटं कशाला बोलू? पन तुमचा चेहरा बघा की आता.”

मला तिचा तो खरेपणा इतका आवडला की मी तिच्या पाठीत धपाटाच घातला. नंतर पुष्कळांनी माझं कौतुक केलं, की गरीब पोरीसाठी हिनं सरकारी नोकरी सोडली. उगाच मोठेपणा नको. मी सोडली ती माझ्या आवडीसाठी. अश्विनीमुळे एवढंच झालं की जे सोडायचं ते वेळेवर सोडलं, दोन्ही शाली पांघरून बसले नाही.

वळले तर आगटीजवळ आण्णा आमच्याकडे पाठ करून कणसं फिरवत होते, आणि त्यांच्या मानेवरून मला कळलं की त्यांनी सगळं ऐकलंय. मी जाऊन समोर बसले.

“प्रायवेट हाय ती,” आण्णा म्हणाले.

“हो.”

“उद्या काडून टाकलं तर?”

“दुसरी बघीन. एका महिन्यात तीन आल्याच की.”

आण्णांनी एक कणीस उचललं, फुंकर मारली. त्या ‘रविवारी घरी’चं आता काय करायचं, ते मला सुचत नव्हतं. ते नको म्हणाले असते, तर मी त्यांचं मन मोडू शकले असते का, हे मला आजही सांगता येणार नाही.

“दिसभर ज्वारीच असती का तिथं?”

“दिवसभर ज्वारीच, आण्णा.”

“आन् पगार देत्यात त्येचा?” आण्णा आईकडे वळले आणि मोठ्यांदा हसले. “ऐकलं का? जल्मभर फुकट केलं की आपुन! कर बाई फोन. आन् रविवारी न्हाई जमलं, तर हुरड्याला यीत जा.”

मी तिथूनच फोन लावला. ‘हो’ म्हणताना आवाज एवढा मोठा निघाला की फडात वाकलेले दोघेतिघे सरळ झाले. सगळे हसले, नाना तेवढे उभे राहिले. “आन् माझ्या फ्लेक्सचं काय?” त्यांना खरंच राग आला होता. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तो फ्लेक्स चौकातून उतरवला आणि कडब्याच्या गंजीवर अंथरून दगडं ठेवली. पुढं अवकाळीच्या सरी आल्या, कडबा कोरडा राहिला. मी सुट्टीला घरी आले की गंजीवरून माझा दहावीतला चेहरा उलटा हसत असायचा.

बँकेला मी मेल केला. कृषी सेवकाची नेमणूक नको, असं लिहून द्यायला मात्र नगरला जावं लागलं. एस.टी.च्या दारात कंडक्टर नगर, नगर म्हणून ओरडत होता. ऑफिसातल्या क्लार्कनं माझ्याकडे काळजीनं पाहिलं आणि विचारलं, “ताई, घरी सांगितलंय ना?” मी म्हटलं, गावाला सांगितलंय. बाहेर येऊन अश्विनीला फोन केला. ‘जागा तुझी,’ एवढंच म्हटलं. मग पलीकडे कुणीतरी ‘काय झालं गं, काय झालं’ विचारत राहिलं आणि फोन तसाच चालू राहिला. मी ऑफिसाच्या आवारात उभी राहून ते सगळं ऐकलं, आणि परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून मनसोक्त रडले. आनंदानं रडायला मिळणं ही माझ्यासाठी नवी गोष्ट होती.

आता या सगळ्याला काही वर्षं झाली. अश्विनीची नेमणूक झाली, माझी ज्वारी पिढ्यांमागून पिढ्या पुढे सरकतेय, सावकाश, कारण ज्वारीला माझ्यासारखी घाई नसते. कधी एखाद्या नव्या मुलीचा फोन येतो, मॅडम, दोन ठिकाणी झालंय, परवापर्यंत सांगायचंय, काय करू? मला त्या धावपळीचा हेवा वाटतो. मी तिला सल्ला देत नाही. अश्विनीनं मला विचारलं होतं तेच विचारते, आणि तिचा आवाज बदलतो का, ते ऐकत बसते.

यंदा फोन अश्विनीचा आला. “मॅडम, या हुरड्याला.” आवाजावरून कळलं की हे बोलणं संपवायचं म्हणून म्हटलेलं नाही. मी गेले. पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला त्यांचं हलकं, मुरमाड रान. आगटीजवळ तिची आई बसली होती. तिचे आईवडील या साली पहिल्यांदाच टोळीत गेले नव्हते.

“बसा बाई,” तिची आई म्हणाली. कणीस तळव्यावर घेऊन चोळायला लागली. हात कोयत्यानं राठ झालेले. विस्तवातलं कणीस त्यांना भाजत नव्हतं. “आमी दर साली पेरून जायचो. परत यायचो तवर सासूसासऱ्यांनी ज्वारी काडून पोत्यात भरल्याली असायची. लगीन होऊन आले तवापास्नं आपल्या रानातलं हिरवं कनीस मी बघितलंच न्हवतं.”

चोळणारा आधी पाहुण्याला देतो, ही सगळीकडची पद्धत. मी हात पुढे केला होता. तिचं लक्षच नव्हतं. तिनं फुंकर घालून कोंडा उडवला आणि तो पहिला घास स्वतःच्याच तोंडात टाकला, डोळे मिटून, सावकाश चावत. अश्विनी ओशाळून “आई, अगं...” म्हणाली. मी अश्विनीचा हात दाबला आणि तिला गप्प बसवलं.